प्रकरण कुठे तोडावं

माझी कादंबरी लिहून झाली तेव्हा तिच्यात एकही प्रकरण नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग मजकूर. त्यामागे काही थोर भूमिका नव्हती, थांबायचं कुठे ते मला कळलंच नव्हतं. सदाशिव पेठेतल्या प्रकाशकांनी बाड माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "बाई, आपण वाचकाला मध्ये चहाला तरी उठू देणार की नाही?" छापायला ते तयार होते, पण आधी प्रकरणं पाडून आणा म्हणाले.

जशा काही ताटात थापून वड्याच पाडायच्या होत्या. मी चरफडत घरी आले, सगळी पानं दिवाणावर मांडली आणि दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले. जिथे प्रकरण संपावंसं वाटेल तिथे चिमटा लावायचा. मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवत होते. तिथले एक सहकारी म्हणाले, प्रकरणं साधारण सारख्या लांबीची हवीत. दुसरी एक मैत्रीण म्हणाली, छे, ऐन रंगात आलं की तोडायचं, म्हणजे वाचक झक मारत पान उलटतो. स्वारगेटला येणाऱ्या बसमध्ये मला सहकाऱ्यांचं पटायचं आणि जिना चढेपर्यंत मैत्रिणीचं. चिमटे रोज इकडचे तिकडे व्हायचे. दोरीवरच्या साड्या उडून खालच्या गॅलरीत पडायला लागल्या, तेव्हा खालच्या आजोबांनी "आपली साडी आमच्याकडे मुक्कामाला आली आहे," असा निरोप पाठवला.

एक चिमटा मात्र मी एकदाही हलवला नाही. कादंबरीतला थोरला मुलगा सकाळी स्कूटरवरून कामाला निघतो आणि सोलापूर रस्त्यावर ट्रकखाली सापडतो. तिथे प्रकरण संपत होतं आणि पुढचं ‘काही वर्षांनी’ या शब्दांनी सुरू होत होतं. त्या जागेचा मला अभिमान होता.

माझा दादा असाच गेला होता. पुस्तकातल्या मुलाला मी दुसरी नोकरी दिली होती, दुसरा चेहरा दिला होता, पण त्यामुळे आईची फसगत होणार नव्हती. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, बारीक अक्षर दिसत नव्हतं. छापायच्या आधी मला सगळं वाचून दाखव, असं तिने बजावलं होतं. मला भीती वाटत होती. ती नको म्हणाली तर बाड बांधून माळ्यावर टाकायचं, हे मी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं.

दुपारी जेवणं झाली की मी वाचायची आणि ती मेथी निवडत ऐकायची. चिमटा आला की मी थांबायची. ती नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझी संध्याकाळ जायची.

वाचता वाचता अपघाताचा दिवस आला. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात वाचलं आणि पानं मिटायला लागले. आईने हात वर केला. "मिटू नकोस. अशा ठिकाणी थांबत नाहीत."

ती श्रावणात पोथी वाचायची, तेव्हाचा हा तिचा नियम होता. वाईट प्रसंगावर पोथी कधी बांधून ठेवायची नाही. कुणाचं मरण आलं, कुणावर संकट आलं, तर काही बरं घडेपर्यंत पुढे वाचत राहायचं, मग आमटी गार झाली तरी चालेल. माझ्या कादंबरीला ती पोथीचे नियम लावत होती याचा मला राग आला आणि थोडा आनंदही झाला. म्हणून मी पुढचं वाचलं. काही वर्षांनी धाकटी बहीण पदवीधर होते, घरात पेढे येतात. इतकं बरं तर पुरे, असं मला वाटलं.

आईने मान हलवली. "हे नाही."

मग काय हवंय, मला कळेना. तो मुलगा जिवंत व्हायला हवा होता का? तसंही मी तिला विचारलं असतं, इतकी गोंधळले होते. तिने हातातली मेथीची काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "ते काही वर्षांनी म्हणालीस ना, त्यात मी होते गं."

मी पानं खाली ठेवली आणि ती सांगायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला रोजच्याइतकं दूध ठेवून गेला, कारण त्याला कुणी कळवलंच नव्हतं. घरात चूल पेटवायची नव्हती, जेवण शेजारून येणार होतं. आईने गॅस पेटवून दूध तापत ठेवलं. आत्या ओरडली. आई तिथून हलली नाही. "दूध उतू जाईल म्हणून उभं राहायला कारण होतं," ती म्हणाली, "बाहेर येऊन बसले असते तर सगळ्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं." मी तेव्हा शेजारच्याच खोलीत होते. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला रडू आलं, पण तिला नाही.

त्यानंतर रोज दुपारी ती सांगायची आणि मी लिहायची. दुरुस्त होऊन आलेली स्कूटर कुणी चालवेना, ते आलं. भाजी आणायला ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायची, ते आलं. पानं वाढत चालली आणि प्रकाशकांचे निरोप येत राहिले. पुस्तक छापायला तिची हरकत नव्हती. फक्त ते दोन शब्द काढून टाक म्हणाली. मी लगेच काढले, पण त्यामुळे माझी उरलीसुरली खूणही गेली. चांगलं काही येईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर मध्येच एखादा बरा दिवस यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी मी तिलाच विचारलं, "आई, हे प्रकरण कुठे संपवू?"

"मला काय विचारतेस," ती म्हणाली. "मला तरी अजून कुठे सापडलंय."