आतड्यातला कोनाडा

मिरजेच्या दवाखान्यात मालनचा नंबर यायला अजून अवकाश आहे. पडद्याआडच्या खाटेवर तिचा डोळा लागतो न लागतो, तोच उशाशी कुणीतरी येऊन बसतं. हौसाअक्का, तिची थोरली जाऊ. वारून वर्षं लोटली तिला.

"कशापायी आलीस गं इथं?"

"कावीळ झालीया, अक्का. फोटोत दिसलं, जठराच्या फुडच्या आतड्याला कोनाडा पडलाय. डॉक्टर म्हणले, असला कोनाडा कैक जणांना असतो, त्याला कोण हातबी लावत न्हाई. पण माझा नेमका पित्ताच्या नळीच्या तोंडाशी हाय, आन् नळीत खडा अडकलाय. गुंगी देऊन, तोंडातनं दुर्बीण घालून काढणार."

"बघू," म्हणत अक्का भिंतीकडे वळते. भिंत आता गावच्या स्वयंपाकघराची आहे. तिथल्या कोनाड्यात अक्काचा हात जातो, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. बाहेर येतो तेव्हा मुठीत राजगिऱ्याचा ओला लाडू असतो.

मालन पदराने तोंड पुसते.

"आज खाल्लास?" अक्का विचारते.

"संकष्टी हाय. उपासाचं कुठं खाण्यात धरत्यात? सिस्टरला सांगितलं, कायबी खाल्लं न्हाई. फुडची तारीख दिली असती, अक्का. डोळं बघा माझं, हळद झाल्यात."

देवाला फसवायला माणूस भितो, दवाखान्याला बिनदिक्कत फसवतो.

"मीबी असंच म्हणले हुते," अक्का म्हणते. दोघी आता उंच टेबलावर शेजारीशेजारी निजल्यात, वर गोल दिवा. अक्काच्या ओठांतून शिजलेली भगर ओघळते आहे. "गर्भाची पिशवी काढायच्या दिवशी. गुंगीत सगळं वर आलं, श्वासात गेलं. तुमी म्हणलासा, हृदय बंद पडलं."

घरात आजवर सगळे तेच म्हणत आले. मालनला ओरडायचंय, पण तिच्याही तोंडात भगर आहे. श्वास येत नाही. अक्का तिचा हात करकचून धरते.

"सांग त्यास्नी! सांग!"

"मावशी, उठा. नंबर आला." सिस्टर खांदा हलवते आहे.

"थांबा!" मालन घामाने निथळते आहे. "म्या खाल्लंय. लाडू. आख्खा लाडू खाल्लाय!"

"अहो, जीव गेला असता की!" सिस्टर डॉक्टरांना सांगायला धावते.

मालन खाटेवर उठून बसते. मूठ अजून मिटलेलीच आहे, आत काहीतरी टोचतंय. ती उघडते. हिरव्या बांगडीचा तुकडा, काजळी धरलेला. अक्काला चुडा भरूनच सरणावर ठेवलं होतं.