धार भिंतीकडे, मूठ माझ्याकडे

गाडी विकली त्या संध्याकाळी पार्किंगच्या फरशीवर तेलाचा एक काळा डाग तेवढा उरला. बायको म्हणाली, "बरं झालं, आता इथे कुंड्या ठेवता येतील." मी म्हणालो, "इथे माझा सुतारखाना होणार आहे." ती म्हणाली, "हे एक नवीनच खूळ!" तो शब्द मला लागला.

गाडी विकण्याचं कारण साधं होतं. माझी नजर कडेकडेने संपत चालली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. वारज्याच्या पुलाखाली एकदा डावीकडून आलेली रिक्षा मला दिसलीच नाही, आणि रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला तेव्हा ती आहे हे कळलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा आजार मागे फिरत नाही. दिसण्याचा घेर लहान होत जाईल आणि शेवटी बंद होईल. किती वर्षांत, असं विचारलं तर म्हणाले, "प्रत्येकाचं वेगळं असतं." एवढं सांगायला भिंतीवर इतक्या पदव्या लावाव्या लागतात.

नोकरी मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात केली. जन्मभर दुसऱ्यांनी बनवायच्या वस्तूंच्या रेघा मारल्या, स्वतःच्या हाताने एक खुंटीसुद्धा बनवली नाही. निवृत्त झाल्यावर लाकडात काम करायचं, हे मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो होतो. निवृत्ती आली आणि मागोमाग हे आलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, माझ्या बाबतीत दोघांनी एकाच आठवड्यात काम उरकलं.

मग मी विचार केला. वाड्यावस्त्यांवर न दिसणारी माणसं दळण दळतात, दोर वळतात, स्वतःच्या घरात न अडखळता फिरतात. सवय झाली की हाताला जागा कळते. तर नजर आहे तोवरच सुतारखाना असा लावायचा, की ती गेल्यावरही हात आपलं आपण काम करतील. टीव्हीसमोर आवाज ऐकत बसलेला आणि चहा आणला की "ठेवलाय का?" म्हणून चाचपडणारा म्हातारा मला व्हायचं नव्हतं. म्हातारपणाकडून एवढी एकच गोष्ट हवी होती. बाकी सगळं मी सोडून दिलं होतं.

आमचं रो हाऊस बांधणाऱ्याने सगळ्या भिंती तिरक्या बांधल्या होत्या, फक्त पार्किंगचा उतार मात्र मन लावून दिला होता. फाटकाकडे पाणी जावं म्हणून. त्यामुळे कामाचं टेबल ठेवलं की ते गाडी धुतलेल्या पाण्यासारखं रस्त्याकडे निघायचं. शेवटी मागचे पाय कमी करून घेतले, तेव्हा ते जागेवर राहिलं. समोर शटर बसवलं, वर दोन लांब दिवे लावले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "दुकान काढताय का? आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हणालो, "दुकान नाही, खूळ आहे." "मग ठीक आहे," म्हणाल्या.

लाकूड आणायला टिंबर मार्केटला गेलो. तिथल्या वखारीत जुन्या सागवानाच्या फळ्या होत्या. मी डोळे मिटून एकेका फळीवरून तळहात फिरवत होतो. कुठे रेषा उलटी फिरते, कुठे गाठ आहे, हे बोटांना कळतं का ते बघत होतो. कळत होतं. मला इतका आनंद झाला की मी तसाच उभा राहिलो. वखारवाला बराच वेळ बघत असावा. म्हणाला, "काका, लाकूड घेताय की आशीर्वाद देताय?"

हत्यारं लावायला सगळ्यात जास्त वेळ गेला. भिंतीवर जाड प्लायवूड ठोकलं. त्यावर करवती, हातोड्या, काटकोन बघायचा गुण्या, प्रत्येकाला आपापली खुंटी. त्याखाली छातीच्या उंचीवर एक लांब फळी, आणि तिच्यात एकेक पटाशी आडवी बसेल अशा खाचा. पटाशी म्हणजे लाकूड कोरायचं सपाट पात्याचं हत्यार. चांगली पटाशी हातावरचे केस कापते. म्हणून नियम एकच केला. धार भिंतीकडे, मूठ माझ्याकडे. डावीकडून सगळ्यात अरुंद, मग मोठी, मग त्याहून मोठी. हा नियम मी बायकोला सांगितला, मुलीला सांगितला, झाडायला येणाऱ्या बाईंनाही सांगितला. मुलगी आयटीत आहे. म्हणाली, "बाबा, तुमची सिस्टिम आमच्या ऑफिसपेक्षा बेटर आहे." मला ते आवडलं, कबूल करतो.

रोज सकाळी मी डोळ्यांवर पंचा बांधून सराव करायचो. टेबलापासून वळायचं, हात पुढे करायचा, हवी ती पटाशी मुठीत धरायची. आधी चाचपडणं, मग कमी चाचपडणं, मग थेट. चाचपडायचं नाही, यातच माझा सगळा मान होता. एकदा बायको चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून हसली. "काय, आंधळी कोशिंबीर खेळताय?" म्हणाली. बोलून गेली आणि आपण काय बोललो ते तिला कळलं. कप टेबलावर ठेवून ती आत निघून गेली. दिवसभर स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच हळू वाजत होती. मला तिचा राग आला नव्हता, पण ते तिला कसं सांगावं हे सुचलं नाही.

पंचा बांधून केलेली पहिली वस्तू म्हणजे एक पाट. एका कोपऱ्यात लंगडा, कडा एका बाजूला गोल आणि एका बाजूला नुसत्याच घासलेल्या. पण तो मी न बघता केला होता. मी तो बायकोपुढे ठेवला. तिने उलटसुलट करून पाहिला, त्यावर बसली, आणि म्हणाली, "डुगडुगतो." मग म्हणाली, "डुगडुगू दे."

त्यानंतर ती बदलली. शेजारणीला घेऊन येऊन शटर उघडून दाखवायला लागली. "ह्यांचं काम," म्हणायची. नवरात्र आलं, तशी म्हणाली, "अहो, खंडेनवमीला यंदा तुमच्या हत्यारांची पूजा करायची. आपल्या घरात आजवर पुजायला होतं काय, एक विळी आणि तुमचा कंपास!" खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं हत्यार पुजतात. माझं पोट काही पटाशीवर नव्हतं. पण ज्या बाईने या सुतारखान्याला खूळ म्हटलं होतं, तीच झेंडूची फुलं निवडत बसली होती. मी नाही कसं म्हणणार?

पूजा सुंदर झाली. तिने पाट मांडला, त्यावर कोरं वस्त्र, त्यावर घासूनपुसून लख्ख केलेली सगळी हत्यारं. प्रत्येक पात्यावर हळदीकुंकू. पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ते विसाव्याला बसलेलं असतं. दसऱ्याच्या संध्याकाळी शिलंगणाचं सोनं वाटून झाल्यावर तिने एकटीने सगळं परत जागेवर लावलं. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "बसा हो, मला काय तुमच्या खुंट्या ठाऊक नाहीत? जागच्या जागी ठेवते." आणि खरंच, करवती करवतींच्या जागी होत्या, हातोड्या हातोड्यांच्या जागी. पटाश्याही आपापल्या खाचेत होत्या, अरुंद डावीकडे, रुंद उजवीकडे. फक्त पात्यावरचं कुंकू भिंतीकडे तोंड करून कसं ठेवायचं? पूजेचं कुंकू दिसायला हवं. पुसायचं नसतं, झाकायचंही नसतं. म्हणून तिने पाती बाहेर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीकडे न बघताच पंचा बांधला. सण गोड गेला होता, मन हलकं होतं. वळलो, हात पुढे केला आणि सगळ्यात रुंद पटाशी मुठीत धरली. आधी काहीच दुखलं नाही. हात ओला कशाने झाला, एवढंच मनात आलं.

इस्पितळात बायको सगळ्यांना एकच सांगत होती. नर्सला, डॉक्टरांना, रांगेतल्या अनोळखी बाईलासुद्धा. "मी जागच्या जागीच ठेवलं होतं हो." मुलगी तिला गप्प करत होती. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. हात बांधलेला होता हे कारण आयतं मिळालं.

उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी आतलं सगळं कापलं गेलं होतं. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या त्यांनी जोडल्या. स्पर्शाच्या नसाही जोडल्या, पण त्यांचं काही सांगता येत नाही म्हणाले. "वाट पाहायची. या वयात भरून यायला वेळ लागतो, कधी पूर्ण येत नाही." आता मी दोन डॉक्टरांच्या दोन वाटा पाहत बसलो होतो. एका वाटेवरून नजर चालली होती. दुसऱ्या वाटेवरून काही येईल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं.

काही महिन्यांनी बोटं वाकायला लागली. चमचा धरता येतो, शर्टाची बटणं लागतात. बघणाऱ्याला वाटतं बरा झाला. पण त्या दोन बोटांनी मी लाकडाला हात लावतो तेव्हा लाकूड नसतं. रेघ नाही, गाठ नाही, गार नाही, गरम नाही. मोजे घालून हात फिरवावा तसं. डाव्या हाताने करून पाहिलं. साठी उलटलेला डावा हात पहिलीत बसलेल्या पोरासारखा आहे, आणि त्याची दहावी होईपर्यंत माझी नजर राहणार नाही. आताशा जेवताना ताटातली वाटी शोधायलासुद्धा मान फिरवावी लागते. संध्याकाळी तर मी बाहेर पडतच नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज, आता बंद करू या ना हे. शटर बघून आईला रोज त्रास होतो." तिचं बरोबर आहे. इथे सगळ्यांचंच बरोबर आहे, म्हणून भांडायलाही कुणी नाही.

सुतारखाना मात्र बंद करायला बायको तयार होईना. मीच शटर ओढलं होतं, ते तिनेच एक दिवस दुपारी उघडलं. एकटी आत काहीतरी करत होती. मग मला बोलवायला आली. तिने सगळ्या पटाश्या पुसल्या होत्या, कुंकवाचा कणही ठेवला नव्हता. सगळ्या भिंतीकडे धार करून, माझ्याकडे मूठ करून लावल्या होत्या. "बघा," म्हणाली, "नाही, बघू नका. हात लावून सांगा. सगळं तुमच्या नियमाने आहे ना? एकदा सांगा."

ती का विचारते आहे हे मला कळत होतं. मी डोळे मिटले आणि उजव्या हाताची तीच दोन बोटं फळीवरून डावीकडून उजवीकडे सावकाश नेली, मुठींवरून, आणि मग तिच्या समाधानासाठी पात्यांवरून पार भिंतीपर्यंत. मला काहीच कळत नव्हतं. मूठ कुठे संपली आणि लोखंड कुठे सुरू झालं, तेसुद्धा नाही. पण तिला मोकळं करायचं होतं. म्हणालो, "अगदी बरोबर आहे. एकूण एक."

मी डोळे उघडले, मान फिरवून तिला शोधलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. मीही खाली पाहिलं. बोटाच्या टोकावरून रक्त फळीवर ठिबकत होतं, आणि ते कधी कापलं हे मला ठाऊक नव्हतं.