सगळ्यांच्या मागे चालणाऱ्या कॅप्टन

कॅप्टन कायम सगळ्यांच्या मागे चालत. वय सदुसष्ट, बांधा धिप्पाड, अंगात भडक पिवळं जाकीट, आणि आवाज असा, की पहिल्या रांगेतल्या बाईलाही मागून दम भरता यावा. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. त्यामुळे चर्चच्या पार्किंगमधून निघताना आणि परत आल्यावर यादी वाचून हजेरी घेतल्याशिवाय त्या कुणाला हलू देत नसत.

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या अपार्टमेंटवरून हा ब्लॅक बायकांचा चालण्याचा ग्रुप रोज सकाळी जायचा. मी नागपूरची. नुकतीच शुगर निघालेली, म्हणून कानात इअरफोन घालून एकटीच तरातरा चालायचे. एक दिवस कॅप्टननी हाक मारली, "अगं, कुणापासून पळतेयस? ये इकडे!" गेले, ती त्यांचीच झाले.

जिला सगळ्यात जास्त धाप लागते, तिच्या वेगानं सगळ्यांनी चालायचं, हा त्यांचा नियम. मला आधी वैताग यायचा. पण कॅप्टनची आई आणि धाकटी बहीण, दोघी ब्लडप्रेशरनं गेलेल्या. त्या म्हणत, "आमच्या बायका घराचं करतात, चर्चचं करतात, आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढतात. मला या यादीतलं एकही नाव खोडायचं नाहीये."

गेल्या मार्चमध्ये, एका मंगळवारी, त्यांचा उजवा पाय जरा फरफटताना दिसला. विचारलं, तर म्हणाल्या, "नवीन बूट आहेत." बूट जुनेच होते, मला दिसत होते. पण एवढ्या मोठ्या बाईला उलट कसं बोलायचं? मी मूग गिळून बसले.

गुरुवारी मागचा आवाज एकदम बंद झाला. वळून बघते तर कॅप्टन एका मेलबॉक्सला धरून उभ्या, शब्द जड झालेले. दोन मिनिटांत सावरल्या आणि ॲम्ब्युलन्स नको म्हणून अडून बसल्या. पार्किंगमधून गाड्या आणून आम्ही त्यांना एकीत कोंबलं. हॉस्पिटलच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "थकवा असेल. बसा, नंबर येईल." आम्ही नऊ जणी, एकही बसली नाही. ग्रुपमधली डेनिस टेबलावर हात टेकून म्हणाली, "आम्ही हिच्याबरोबर रोज चालतो. हिची चाल आम्हाला ठाऊक आहे. आज ती बिघडलीय."

"आज नाही," मी म्हणाले. "मंगळवारपासून."

आठही जणींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. ते ऐकून आतून नर्स मात्र धावत आली.

मेंदूत गुठळी होती. कॅप्टन वाचल्या, पण उजवा हात गेला तो गेलाच. तिसऱ्या दिवशी मी रडत माफी मागायला गेले. "तुम्ही मोठ्या, म्हणून बोलले नाही," म्हटलं. जड जिभेनंही त्यांनी मला झापलं, "मोठी आहे, म्हणजे आधी मीच मरणार ना? बोलत जा, बाई!"

मग मुलगी त्यांना अटलांटाला घेऊन गेली.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जोशीकाका जिन्यात छातीवर हात ठेवून थांबले. "ॲसिडिटी गं," म्हणाले. मी चारचौघांत ओरडले, "काही ॲसिडिटी नाही! काका, गाडीत बसा. आत्ताच्या आत्ता!" माझा उद्धटपणा काकूंच्या फार जिव्हारी लागलाय, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

काका बोलतात.