मार्जिन सोडून काढलेले फोटो

मास्तरांनी आयुष्यभर माणसांची मापं घेतली, कपडे शिवले. पण एक डोळा मिटून माणसाकडे बघायची वेळ त्यांच्यावर साठी उलटल्यावर आली. त्यांची मोठी बहीण कायमची मुलाकडे, दूरच्या शहरात राहायला निघाली होती, आणि तिचा हसतानाचा एकही फोटो घरात नव्हता.

ताईचं हसणं म्हणजे आधी खांदे हलायचे, मग पोट, मग खुर्ची. आई गेल्यावर मास्तर या हसण्यावरच वाढले होते. पण समोर कॅमेरा आला की हीच ताई इस्त्री करून घडी घातल्यासारखी बसायची. प्रत्येक फोटोत तिला नुकतंच कुणीतरी रागावलंय असं वाटायचं.

भाच्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मामाला देऊन टाकला होता. तो घेऊन मास्तर फोटोच्या क्लासला जाऊन बसले. स्टेशनरीच्या दुकानावरची खोली, बाकांवर सगळी कोवळी मंडळी, आणि शिकवणाऱ्या बाईसुद्धा मुलीच्या वयाच्या. दुसरा कुणी असता तर मागे बसून मान डोलावून घरी आला असता. मास्तर पुढच्या बाकावर बसले आणि कळेपर्यंत विचारत राहिले.

"लेन्सच्या आतलं भोक मोठं केलं की उजेड जास्त येतो," बाई म्हणाल्या. "आणि तेव्हा त्याचा आकडा लहान असतो."

"भोक मोठं, आकडा लहान? हे उलटं कुणी ठरवलं?"

"मी नाही हो काका!"

वर्ग हसला. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

पुढच्या वेळी सगळ्यांचे फोटो पडद्यावर लागले. मास्तरांच्या फोटोत रस्ता होता, भिंत होती, भरपूर आभाळ होतं, आणि मधोमध मुंगीएवढा भाजीवाला होता.

"काका, यात माणूस कुठाय?"

"आहे की मधोमध. चारी बाजूंनी मार्जिन सोडलंय."

"एवढं?"

"अहो, कापड जास्त राहिलं तर आत घेता येतं. कमी पडलं तर गिऱ्हाईकाला काय उत्तर देणार?"

बाईंनी कपाळाला हात लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. "थोडं सोडा, हरकत नाही. पण एवढासा चेहरा ताणून मोठा केला की त्याचा पार चुथडा होतो. तुम्ही जवळ जा."

तेच तर अवघड होतं. गळ्यात टेप असली की मास्तर कुणालाही बिनधास्त भिडत. हातात कॅमेरा आला की पाय आपोआप मागे सरत. म्हणून ते आपल्या शिवणाच्या दुकानातल्या पुतळ्यावर सराव करू लागले. पुतळा लाजत नाही, हलत नाही. त्याचे इतके सुरेख फोटो निघाले की बायको म्हणाली, "माझा एखादा काढला असतात तर मी काही पळून गेले नसते!"

ताईचं सामान बांधून झालं त्या दुपारी मास्तर कॅमेरा घेऊन पोचले आणि पार दारापाशी जाऊन उभे राहिले.

"बारक्या, एवढा लांब का? मी काय चावते?"

"ताई, हस ना जरा."

"काय बघून हसू? तुला?" आणि ती खरंच हसली. मास्तरांनी बटण दाबलं. फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

पुतळा कधी हसला नव्हता! हलतं माणूस टिपायचं तर शटर झटकन मिटावं लागतं, हे वर्गात ऐकलं होतं, पण हाताला वळण नव्हतं. मास्तरांनी शटरचा वेग वाढवला, तर सगळा काळोख. भोक मोठं केलं, तरी अंधुकच. मग ताईला खुर्चीसकट खिडकीशी आणलं आणि कमी उजेडातही फोटो उजळावा म्हणून आयएसओचा आकडा चढवला. त्यातून फोटोत रवा पडणार, बारीक दाणे दिसणार, हे ठाऊक होतं. पडू दे.

"उद्या माझी गाडी आहे हं," ताई म्हणाली.

"थांब गं! भोक मोठं, आकडा लहान..."

"अगं बाई! पाढे म्हणताना अस्सेच ओठ हलायचे याचे!"

खांदे हलले. पोट हललं. मास्तर पुढे झाले, आणखी पुढे, तिच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि खुर्ची हलली तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

फोटोत रवा होता. वरचे केस कापले गेले होते, मार्जिन नावालाही नव्हतं. पण डोळ्याच्या कडेला हसून आलेलं पाणीसुद्धा स्वच्छ दिसत होतं.

ताईने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. "मी अशी दिसते?"

"आम्हाला कायम अशीच दिसलीस."

तिने नाक पुसलं. "ऊठ. आता तू बस इथे."

मास्तर बसले. गुडघ्यांवर हात, ओठ घट्ट. ताईने कॅमेरा दोन्ही हातांनी गच्च धरला. "हस की मेल्या!" म्हणत तिने दाबलं, आणि हसता हसता कॅमेऱ्याबरोबर तीही हलली.

"खराब आला गं," मास्तर म्हणाले. "दुसरा काढ."

"राहू दे. मला न्यायला हाच दे."