बटणवाल्या बाई

शेजारच्या वर्गातल्या बाई मला आवडत नाहीत. कारण विचाराल तर पोटदुखी, दुसरं काय! इतकी वर्षं घसा फोडून शिकवतेय मी, आणि मधल्या सुट्टीत पोरं घोळका करतात तो त्यांच्या खुर्चीभोवती. माझ्याकडे येतात ती फक्त एकमेकांच्या तक्रारी घेऊन.

बाई शिंप्याच्या घरातल्या. वडिलांच्या दुकानातली उरलीसुरली बटणं बिस्किटाच्या डब्यात भरून आणतात आणि त्या डब्यावर त्यांचं सगळं शिकवणं चालतं. रोज सकाळी एक मोठं चित्र जमिनीवर पसरतात. प्रत्येक मुलाला एक बटण. नजर जिथे अडकली तिथे ते ठेवायचं. मग बाई विचारतात, "काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? अजून काय?" हुशार पोरं पानभर लिहून काढतात, लिहिता न येणारी तोंडाने सांगतात, आणि जी बोलतच नाहीत त्यांनी नुसतं बटण ठेवलं तरी चालतं. चित्र सगळ्यांना एकच. बाई कुणाला शाब्बास म्हणत नाहीत की चूक म्हणत नाहीत. प्रश्न विचारला की गप्प बसून राहतात. दारावरून जाताना मला वाटायचं, यांना डुलकी लागली की काय!

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण माझी लेक त्यांच्या वर्गात गेली.

लेक आधी दोन वर्षं माझ्याच वर्गात होती. शाळेत मला बाई म्हणायचं, हा नियम माझाच. शिक्षिकेची मुलगी म्हणून लाड नकोत, एवढाच हेतू. तिने बाई म्हटलं नाही आणि आईही म्हटलं नाही. वर्गात तोंडच उघडलं नाही. घरी पोपटासारखी बोलणारी पोर शाळेत मुकी! मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, शेवटी स्पष्ट सांगितलं, "एवढी सहामाही शेजारच्या वर्गात बसवून बघू. तिथेही बोलली नाही, तर मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात घालावं लागेल."

माझ्या लेकीला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि खरं सांगते, त्याहून मोठी भीती दुसरीच होती. तिथे ती बोलली तर?

आता घरी रोज बाईपुराण. "बाई खाली बसून बोलतात." "बाईंच्या डब्यात एक हिरवं बटण आहे, त्याला पाच भोकं आहेत." आमचे हे हसून म्हणाले, "जेवायला एक ताट जास्त वाढत जा, बाई इथेच राहायला आल्यात."

मग मीही इरेला पेटले. बाजाराचं एक छान रंगीत चित्र मिळवलं, माझ्या वर्गात फळ्यावर लावलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" पोरं बघत राहिली. ती शांतता मला सोसवेना. "अरे, भाजीवाली दिसतेय ना? तिच्याकडे गर्दी का आहे? कारण तिची भाजी ताजी आहे!" पाच मिनिटांत चित्र संपलं. पोरांनी ते उत्तर वहीत उतरवून घेतलं. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही, म्हणून मी चित्रालाच नावं ठेवली.

सहामाही संपत आली. मोठ्या बाई लेकीला बघायला वर्गात येऊन बसल्या. मलाही बोलावलं होतं. "आत या ना," बटणवाल्या बाई म्हणाल्या. "नको, इथून दिसतंय," म्हणत मी दारातच थांबले. त्यांच्या वर्गात त्यांच्या बाकावर बसायचं? माझी चप्पलही बसली नसती.

जमिनीवर नवं चित्र होतं. एका खोलीत माणसं जेवायला बसली आहेत, हसताहेत, आणि कडेला दाराशी एक बाई उभी आहे. पोरांची बटणं ताटांवर पडली, मांजरावर पडली. माझ्या लेकीने आपलं बटण त्या दारातल्या बाईवर ठेवलं.

"काय दिसतंय तुला?" बाईंनी विचारलं.

लेक गप्प. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, तिच्या वतीने देऊन टाकणारही होते. तेवढ्यात बटणवाल्या बाईंनी माझ्याकडे न बघताच तळहात किंचित वर केला. थांबा. मला! माझ्याच लेकीसमोर! संतापाने कान तापले, पण मी थांबले.

"तिला राग आलाय," लेक म्हणाली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कशावरून?"

लेक चित्रावर आणखी वाकली.

"कपाळाला आठ्या आहेत. पण तिला आत यायचंय."

"ते कशावरून?"

"दार धरून उभी आहे ना. नुसता राग असता तर निघून गेली असती."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि मान डोलावली. काम झालं होतं. लेक याच वर्गात राहणार होती. मला रडू येत होतं आणि त्या बाईंचा डबा खिडकीतून भिरकावून द्यावासाही वाटत होता. दोन वर्षं मी ओरडून जे मागितलं, ते या बाईने गप्प बसून मिळवलं.

तरी पाय आत गेले. मी जमिनीवर, पोरांच्या रांगेत बसले. बटणवाल्या बाईंनी काही न बोलता डबा पुढे केला. मी एक बटण उचललं. ते पाच भोकांचं हिरवं निघालं.

लेक माझ्याकडे वळली. भर वर्गात, सगळ्यांदेखत, तिने विचारलं, "आई, तू कुठे ठेवणार?"

आणि ती थांबली, बटणवाल्या बाईंसारखीच. मीही उत्तराची घाई केली नाही.