क्विझच्या पडद्यावर बाबा

आमच्या घरात कोणाची दृष्ट काढायची म्हटली की मी म्हणते, मिरच्या वाया घालवू नका, ठेच्याला ठेवा. असली बाई मी. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही निम्म्या वेळा "काहीही हं..." म्हणत पुढे सरकवते. तेव्हा मला कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. घडलं तसं सांगते.

आम्ही बोरिवली वेस्टला राहतो. दोन सोसायट्यांच्या मधे एक छोटा क्लब आहे — कॅरम, टेबल टेनिस, वर एक हॉल. महिन्यातल्या एका शनिवारी तिथे क्विझ नाइट असते, पबमध्ये असते ना तशी. फक्त बिअरच्या जागी लिंबू सोडा आणि चीज टोस्ट. टेबलागणिक एक टीम. सगळं हसतखेळत चालतं, पण एक नियम कडक — कोणी गूगल करू नये म्हणून सगळ्यांचे फोन सायलेंटवर टाकून दाराजवळच्या प्लास्टिकच्या टबात ठेवायचे. फोन उचलला की टीम बाद.

मला त्या टबाचाच राग. माझे बाबा आमच्याकडेच असतात. मूळचे मालवणचे, आणि आता त्यांना विसरण्याचा आजार आहे. एकटं सोडता येत नाही. त्या शनिवारी शेजारच्या शिंदेकाकू त्यांच्यासोबत बसल्या होत्या, तरी माझा पाय निघेना. मंदार — माझा नवरा — म्हणाला, किती महिने झाले तू कुठे गेली नाहीस, जरा वेळ गेलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? गेले मग. डिसेंबर होता. बाबांनी चॉकलेटी हाफ स्वेटर उलटा घातला होता, लेबल बाहेर. सरळ करू देईनात, मीही नाद सोडला.

हॉलमध्ये माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुठली राजधानी नि कुठला खेळाडू... मी आपली टबाकडे बघतेय. सोडा तसाच गरम झाला. मंदार म्हणाला, अगं बस ना जरा शांत.

मग फोटोंचा राउंड आला. आपल्याच उपनगरांतल्या जागा ओळखायच्या. क्विझ घेणारा निखिल, आमच्या मागच्या बिल्डिंगमधला, एकेक फोटो पडद्यावर टाकत होता. गोरेगाव झालं, चेंबूर झालं. मग एक पिंपळाचा पार आला, मागे दगडी कठडा, सकाळचं ऊन.

पारावर बाबा बसले होते.

तोच उलटा स्वेटर, लेबल बाहेर. आणि हात वर करून हलवत होते... हो, हलवत होते, फोटोत. मी मंदारचा दंड धरला आणि म्हटलं, बाबा बघ. तो म्हणाला, कुठे गं? रिकामा पार आहे. त्याला खरंच काही दिसत नव्हतं. मी उभी राहिले तर शेजारच्या टेबलवाल्यांना वाटलं, ही आता उत्तर ओरडणार. ते शू शू करायला लागले.

मी सरळ जाऊन टबातून फोन उपसला. टीम गेली खड्ड्यात. शिंदेकाकूंचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. लावला तर काकू रडत होत्या. त्या चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात बाबा दार उघडून बाहेर. अख्खी बिल्डिंग स्टेशनपर्यंत शोधून आली होती, पत्ता नाही.

मंदार म्हणाला, आधी पोलीस चौकी गाठू. मी उलटी स्टेजवर गेले. निखिलला विचारलं, ही जागा कुठली?

तो हसला. "वहिनी, तोच तर प्रश्न आहे. उत्तरं राउंड संपल्यावर."

मागून कोणीतरी चीटिंग, चीटिंग म्हणालं. मग मात्र माझा ताबा सुटला.

"माझा बाप हरवलाय रे, आणि तो तिथे बसलाय. सांग."

निखिलला काय कळलं देव जाणे, पण त्याने माइकवरच सांगून टाकलं — दहिसर, नदीकाठी, देवळाच्या मागे.

रिक्षात मी मंदारचा हात नुसता चुरगाळत होते. एकच विचार. तिथे नसले तर? बाबा भलतीकडे गाडीखाली येतील आणि मी एका फोटोपायी इकडे वेळ घालवतेय... मला स्वतःचीच भीती वाटत होती.

बाबा होते. त्याच पारावर, दिव्याच्या अर्धवट उजेडात, अनवाणी. मी त्यांना मिठी मारली, रडले, रागावले, सगळं एकदम. पण तेच माझ्यावर चिडलेले.

"वैशू, कधीपासून हात करतंय तुका. थंय बसून नुसता बघीत रवलंस. आणि जावयान ती कागदाची टोपी कित्याक घातलेली?"

मंदारने स्वतःचं डोकं चाचपलं. आमच्या क्लबात पहिल्या राउंडला जी टीम शेवटची येते, तिच्या कॅप्टनला पेपरची टोपी घालून बसवतात. त्या संध्याकाळी ती मंदारच्या डोक्यावर होती. निघताना तो ती टेबलावरच टाकून आला होता. बाबांनी तो क्लब कधी बाहेरूनही पाहिलेला नाही.

नंतर निखिलच्या लॅपटॉपवर तो फोटो मी मोठा करून पाहिला, उजेड वाढवून पाहिला. रिकामा पार. त्यानेच पूर्वी कधीतरी मॉर्निंग वॉकला काढलेला. बाबांचा दहिसरशी काडीचा संबंध नाही. ते तिथे कसे पोचले, हेही कळलं नाही. मंदार योगायोग म्हणायला जातो आणि टोपीपाशी आला की विषय बदलतो. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला ताण होता. असेल ना. पण ताण मला होता आणि टोपी बाबांना दिसली, त्याचं काय?

कोणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा, मी तर हात टेकले. पण खरं सांगू, मला फोटो छळत नाही. त्या संध्याकाळच्या आधी कित्येक महिने बाबांनी मला नावाने हाक मारली नव्हती. नंतरही नाही. रोज समोर बसून घास भरवते, तरी विचारतात, "तू कोणाची गो?" एवढ्या जवळून मी त्यांना ओळखू येत नाही... मग त्या पारावरून कशी ओळखू आले?