द्रौपदाची मिश्री

डिंगोऱ्याच्या भागुजीने तंबाखू सोडली ती काही कुणा डॉक्टरच्या भीतीने नव्हे, निव्वळ हट्टाने. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बजेट आलं की पुडीचा भाव चढायचाच. एका वर्षी दुकानदाराने नवा भाव सांगितला आणि भागुजीचं टाळकं सरकलं. "ऱ्हाऊ दे तुज्यापाशीच," म्हणत त्याने चुन्याची डबी तिथेच गटारात भिरकावली. पंधरवडाभर घरात सगळ्यांवर खेकसला, गुळाचे खडे चघळले, पण तंबाखूला पुन्हा शिवला नाही.

त्याच्या बायकोला, द्रौपदाला, मात्र ते जमेना. सकाळी चुलीपुढे बसून मिश्रीचं बोट दातांवरून फिरवल्याशिवाय तिला दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. तयार मिश्रीची डबीही महागली होती. तिने सोडून पाहिली. डोकं ठणकायला लागलं, भाकरी थापताना हात कापायला लागले. भागुजीला ते बघवेना. माणूस रागीट, पण बायकोपुढे मेणाहून मऊ. ओतूरच्या बाजारात तंबाखूचं सुटं पान स्वस्तात मिळायचं, ते त्याने पिशवीभर आणलं.

"घे, आता घरीच भाज. सरकारला कशापायी पैसं द्यायचं?"

द्रौपदा तव्यावर पान काळं होईस्तोवर भाजायची आणि अख्खी आळी ठसकायची. "वैनी, आमाला मारता का काय!" शेजारची झुंबरबाई ओरडायची, आणि मिश्री मागायला वाटी घेऊन तीच पहिली यायची.

विकतची डबी होती तोवर द्रौपदा चिमटीचिमटीने पुरवून वापरायची. आता घरात डबाच भरलेला. सकाळची मिश्री दुपारी आली, मग झोपतानाही. भागुजी दर बाजाराला न चुकता पान आणायचा आणि सरकारला कसं फसवलं म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचा. त्या वेड्याला कुठे ठाऊक होतं!

काही वर्षांनी तिच्या गालात आतून चट्टा आला. दाढ दुखली की मिश्री दाबायची, ही इकडच्या बायांची जुनी रीत. तिने चट्ट्यावरही तीच दाबली. ठणका जरा बधिर व्हायचा, म्हणून आणखी दाबली. सून कल्याणीच्या लक्षात आलं तेव्हा सासूचं तोंड धड उघडतही नव्हतं; भाकरी दुधात कुस्करून ती कशीबशी गिळत होती.

पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कल्याणीला बाजूला घेऊन सांगितलं, आजार गळ्यापर्यंत उतरलाय, आता फारसं काही हातात नाही. ते भागुजीने ऐकलं.

"आजी, एवढी मिश्री आणायचं कोण तुम्हाला?" बाईंनी परत येऊन विचारलं.

"म्या आणायचो, बाई," भागुजी म्हणाला. "दर बाजाराला. स्वस्त पडती म्हणून." आणि एवढा मोठा गडी सगळ्यांदेखत पोरासारखा रडायला लागला.

द्रौपदाला शब्द काढताना जीव जायचा. तरी तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि बाईंकडे बघितलं.

"त्यास्नी काई बोलू नका," ती अर्ध्या तोंडाने म्हणाली. "मालकांनी माज्या तंबाखू कवाच सोडलीया. आळीत दुसऱ्या कुनालाबी जमलं न्हाई."